पुंगळीच्या बुडावरची खूण

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एका शेडमध्ये दुपारी दोनच्या सुमाराला लाइट गेली आणि आप्पांनी स्लॉटिंग मशीनवरचा हात काढून घेतला. सहा बुश करायचे ठरले होते, त्यातले तीन झाले होते. तरसालीतल्या आमच्या सोसायटीपासून हे शेड स्कूटरवर दहा मिनिटांवर आहे. आप्पा मूळचे अमळनेरकडचे. तरसालीच्या आयटीआयमध्ये टर्नरचा कोर्स करून ते इथेच राहिले आणि आता त्यांच्या मराठीत निम्मी गुजराती मिसळलेली आहे.

"लाइट येईपर्यंत चहा घेऊ. पण ताई, हे बंदुकीचं काय काढलंत तुम्ही?"

त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला होता, 'पुरावा'. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या खुनांच्या तपासाच्या बातम्या मी पहिल्या दिवसापासून वाचत आले आहे. कात्रणांची फाइल आता दोन बोटं जाड झाली आहे. त्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: गोळ्या जुळल्या. पुढच्या पानावर: गोळ्या जुळल्या नाहीत. त्या कोणी जुळवल्या, कशाशी जुळवल्या आणि 'जुळल्या' म्हणजे डोळ्यांना नेमकं काय दिसलं, हे एकाही कात्रणात नाही. मला ते आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. पिस्तूल मिळणं शक्य नव्हतं आणि नकोही होतं. पण लोखंडावर लोखंड घासल्यावर काय उमटतं हे मकरपुऱ्यातल्या कुठल्याही शेडमध्ये पाहता येतं.

बुश म्हणजे मधे भोक असलेला लोखंडाचा गोल तुकडा. त्या भोकाच्या आतल्या भिंतीला एक उभी खाच पाडायची, तिला की-वे म्हणतात. खाच पाडणारं टूल वरखाली होतं आणि दर फेरीला थोडं थोडं लोखंड कापून नेतं. टूलची धार डोळ्यांना सरळ दिसते, पण भिंगाखाली ती करवतीसारखी असते. तिच्यावरचा प्रत्येक बारीक दाता खाचेच्या पृष्ठभागावर आपली रेघ ओढतो. मग त्या बुशातून शिशाचा मऊ तुकडा दाबाने ढकलायचा. खाचेतल्या रेघा शिशावर उतरतात.

बंदुकीच्या नळीत हेच होतं, फक्त फार वेगाने. नळीच्या आत पिळाच्या खाचा पाडलेल्या असतात. गोळी त्या पिळातून घसटत बाहेर पडते, म्हणून स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते. जाताना नळीच्या भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा अंगावर घेऊन जाते. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, नळीतून जात नाही. तिच्या बुडावर फायरिंग पिनचा खड्डा पडतो, स्फोटाच्या दाबाने बूड मागच्या पोलादी भिंतीवर आपटतं आणि त्या भिंतीचा पोत पितळेवर छापला जातो. पुंगळी ओढून बाहेर फेकणाऱ्या आकड्याचीही खूण कडेला राहते. गोळी हाडावर आपटून चेपते, पुंगळी बहुतेक वेळा धड राहते. तज्ज्ञांना म्हणून पुंगळी प्रिय.

लाइट आली. चौथ्या बुशाच्या वेळी कट्‌ असा आवाज झाला. आप्पांनी टूल काढून उजेडात धरलं. धारेचा कण उडाला होता. ते ग्राइंडरकडे निघाले, मी त्यांना थांबवलं. पुढचे दोन्ही बुश त्याच तुटक्या धारेने करा म्हटलं. त्यांना ते मनापासून आवडलं नाही, पण केलं. प्रत्येक बुशातून दोन, असे शिशाचे बारा तुकडे काढले. मी प्रत्येकाच्या बुडाला बुशाचा आकडा कोरला, वर चिकटपट्टी लावली आणि सगळे डब्यात टाकून हलवले. कुठला तुकडा कुठल्या बुशाचा हे आप्पांनी भिंगातून ओळखायचं होतं. "आज नाही, शनिवारी," ते म्हणाले. "शनिवारी निवांत असतो."

पूल

ऑगस्टमध्ये पुण्याला गेले होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल ओंकारेश्वराच्या देवळाशेजारून मुठा ओलांडतो. अलीकडे शनिवार पेठ, पलीकडे बालगंधर्व. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी सव्वासातच्या पुढे फिरायला निघालेल्या दाभोलकरांवर मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी इथे गोळ्या झाडल्या. ते ६७ वर्षांचे होते. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते दर वर्षी या तारखेला सकाळी पुलावर जमतात. मी उभी राहिले तिथे एका बाजूला पाणी होतं, दुसऱ्या बाजूने शाळेच्या रिक्षा जात होत्या. पुलावरची जागा अगदी उघडी आहे. आडोसा नाही, वळण नाही. इथे पडलेली पुंगळी चपलेच्या ठोकरीने नदीत जाऊ शकते हे तिथे उभं राहिल्यावरच लक्षात येतं.

१६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापूरच्या सागरमाळ भागात, घराजवळच, फिरून परतणाऱ्या पानसरे दांपत्यावर गोळीबार झाला. उमाताई वाचल्या. पानसरे २० फेब्रुवारीला मुंबईत गेले. ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडमध्ये डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घराच्या दारात, आणि ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळुरूत गौरी लंकेश यांना घराच्या फाटकाशी मारलं. चारही ठिकाणी ७.६५ मिलिमीटरची काडतुसं आणि दुचाकीवरून आलेले मारेकरी.

७.६५ हे माप फार जुनं आहे. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने १८९९ च्या सुमाराला ते आणलं. काडतूस बोटाच्या पेरापेक्षा जेमतेम लांब. परवान्याच्या .३२ पिस्तुलात हेच बसतं आणि बिहारमधल्या मुंगेरच्या किंवा मध्य प्रदेशातल्या खरगोन-बडवानीच्या गावठी पिस्तुलातही हेच. आपल्याकडच्या कितीतरी काडतुसांच्या बुडावर 'के. एफ.' ही अक्षरं असतात. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. त्यावरून काडतूस कुठे तयार झालं ते कळतं, ते कुठल्या पिस्तुलातून उडालं ते कळत नाही. वर्तमानपत्रं या दोन गोष्टी सर्रास एक करतात.

दोन भिंगं, एक रेघ

प्रयोगशाळेत काम चालतं ते असं. घटनास्थळावरची गोळी किंवा पुंगळी एका सूक्ष्मदर्शकाखाली, संशयित पिस्तुलातून तज्ज्ञाने स्वतः उडवलेली दुसऱ्याखाली. चाचणीची गोळी पाण्याच्या टाकीत किंवा कापसाच्या पेटीत झाडतात, म्हणजे ती न चेपता हाती येते. दोन्ही सूक्ष्मदर्शक एका पुलाने जोडलेले असतात आणि तज्ज्ञाला एकच वर्तुळ दिसतं, मधोमध बारीक रेघ असलेलं. रेघेच्या डावीकडे खुनातली गोळी, उजवीकडे चाचणीची. तो एक गोळी हळूहळू फिरवत राहतो. एका क्षणी डावीकडचे ओरखडे रेघ ओलांडून उजवीकडच्या ओरखड्यांत सरळ मिसळतात, जणू एकाच तुकड्यावरच्या रेघा. १९२० च्या दशकात अमेरिकेत कॅल्व्हिन गोडार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र रुळवलं आणि मूळ कल्पना आजही तीच आहे.

खुणांचे थर असतात. पहिला थर जातीचा: माप किती, खाचा किती, पीळ डावा की उजवा. यावरून पिस्तूल वगळता येतं, पकडता येत नाही. शेवटचा थर त्या एकाच हत्याराचा: गंजाचे खड्डे, वापराची झीज, साफसफाईच्या सळईचे ओरखडे. या दोन्हींच्या मधे एक फसवा थर आहे. एकाच टूलने पाठोपाठ कापलेल्या नळ्यांवर त्या टूलच्या खुणा सारख्याच उतरतात. दोन भावांच्या हनुवटीवर आजोबांची खळी असावी तसं. नवख्या तज्ज्ञाला ही खळी म्हणजे ओळख वाटते. आप्पांच्या पहिल्या तीन बुशांत हेच झालेलं असणार, असं मला त्या दुपारी वाटलं होतं.

गावठी पिस्तूल हा प्रकार तर आणखी अवघड. काहींच्या नळीत पीळच नसतो. गोळी नळीत सैल जाते, दर वेळी वेगळ्या बाजूला घासते, आणि एकाच कट्ट्यातल्या दोन गोळ्याही एकमेकींशी जुळत नाहीत. काही कारागीर मात्र पीळ व्यवस्थित पाडतात, आणि एका भट्टीतली पाच पिस्तुलं एकाच हातची, एकाच टूलची असतात. अशा वेळी पुंगळीच्या बुडावर भिस्त ठेवावी लागते. फायरिंग पिन हाताने कानशीने घासलेली असेल तर तिचा खड्डा कारागिराच्या सहीसारखा असतो.

हे सगळं कौशल्याचं काम आहे आणि ते प्रामाणिकपणे करणारी माणसं देशभरच्या प्रयोगशाळांत बसलेली आहेत, अपुऱ्या हातांनी आणि साठलेल्या पार्सलांच्या ढिगात. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण ते जे देतात ते मत असतं. भारतीय पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमात, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ३९ व्या कलमात, तज्ज्ञाच्या म्हणण्याला 'मत' हाच शब्द आहे. न्यायालयाने ते तपासून घ्यायचं असतं.

पोलिसांच्या ताब्यातलं पिस्तूल

आता त्या कात्रणांकडे येते.

दाभोलकरांचा खून झाला त्याच दिवशी, ठाण्याकडे एका वेगळ्याच प्रकरणात, बेकायदा शस्त्रांच्या व्यवहारातल्या दोघांना पोलिसांनी पकडलं. त्यांच्याकडून पिस्तूल जप्त झालं. सांताक्रूझ-कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडून अहवाल आला की, पुलावरच्या पुंगळ्या या पिस्तुलाशी जुळतात. २०१४ च्या जानेवारीत दोघांना दाभोलकर प्रकरणात अटक झाली. मुदतीत दोषारोपपत्र दाखल झालं नाही आणि ते जामिनावर सुटले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला, आणि सीबीआयने नंतर जी कहाणी न्यायालयासमोर ठेवली तिच्यात हे दोघे नव्हते.

मग पानसरेंचा खून झाला आणि नवा अहवाल आला: कोल्हापुरात दोन पिस्तुलं वापरली गेली, त्यातलं एक दाभोलकरांच्या खुनातलं. बंगळुरूच्या प्रयोगशाळेने दुसऱ्या पिस्तुलाची सांगड कलबुर्गींच्या आणि पुढे लंकेश यांच्या खुनाशी घातली.

क्षणभर इथे थांबून हिशोब करा. दाभोलकरांवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या ते पहिल्या अहवालाप्रमाणे ऑगस्ट २०१३ पासून पोलिसांच्या मुद्देमालात होतं. दुसऱ्या अहवालाप्रमाणे तेच पिस्तूल फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात चाललं. दोन्ही अहवाल एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. बचाव पक्षाने हे बोट बरोबर ठेवलं. आरोपींच्या विचारांबद्दल मला काय वाटतं हा प्रश्न वेगळा. या मुद्द्यावर त्यांच्या वकिलांनी विचारलेला प्रश्न योग्य होता आणि तो सरकारी बाजूने स्वतःहून, आधी विचारायला हवा होता.

सीबीआयने तिसरं मत मागवायचं ठरवलं, तेही लंडनच्या स्कॉटलंड यार्डचं. उच्च न्यायालयात तारखा पडत राहिल्या. कोल्हापुरात आरोप निश्चित करण्याचं काम त्या अहवालापायी खोळंबलं, कारण पुंगळ्या म्हणजे मूळ वस्तू, त्यांची झेरॉक्स निघत नाही. एका खटल्याचा मुद्देमाल दुसऱ्या खटल्याच्या तुलनेसाठी प्रवासाला निघाला की पहिला खटला जागीच उभा राहतो. अखेर २०१७ मध्ये सीबीआयने सांगितलं की, दोन देशांत तसा कायदेशीर करार नसल्याने स्कॉटलंड यार्ड हे काम करू शकत नाही. मग नाव निघालं गुजरातच्या प्रयोगशाळेचं.

हे मी वाचलं तेव्हा तरसालीतल्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. ज्या गोष्टीसाठी लंडनपर्यंत हात जोडले ती आमच्या दारातून गेलेल्या हायवेवर, बडोद्यापासून तीनेक तासांवर होती. नंतर मुद्दाम गांधीनगरला जाऊन आले. सेक्टर ९ मध्ये राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे. २००९ मध्ये गुजरात सरकारने ते सुरू केलं आणि २०२० मध्ये संसदेच्या कायद्याने ते राष्ट्रीय झालं. फाटकातून पाठीवर सॅक घेतलेली मुलंमुली बाहेर पडत होती, कोणी मराठीतही बोलत होतं. यांच्यातलाच कोणीतरी पुढच्या एखाद्या खटल्यात पिंजऱ्यात उभा राहून 'जुळते' किंवा 'जुळत नाही' म्हणेल. त्यांना 'सांगता येत नाही' म्हणायलाही तितक्याच आग्रहाने शिकवलं जावं, असं मला तिथे फार वाटलं.

खाडीचा तळ

२०१८ च्या ऑगस्टमध्ये नालासोपाऱ्यात शस्त्रं आणि स्फोटकं सापडली आणि तपासाची दिशा बदलली. त्या धरपकडीतून शरद कळसकर आणि सचिन अंदुरे सीबीआयच्या हाती आले. पिस्तुलं सुटी करून ठाण्याजवळच्या खाडीत टाकली, असा सीबीआयचा दावा होता. परदेशी कंपनीची यंत्रं आणि पाणबुडे आणून खाडीचा तळ चाळला गेला. मार्च २०२० मध्ये चिखलातून एक पिस्तूल वर आलं, अशी बातमी झाली.

आप्पांना मी विचारलं, खाऱ्या पाण्यात दीड-दोन वर्षं राहिलेल्या लोखंडाचं काय होतं? त्यांनी शेडच्या कोपऱ्यातलं एक जुनं जॉब दाखवलं. कोण्या समुद्रकाठच्या प्लांटमधून दुरुस्तीला आलेलं. नखाने खरवडलं की पापुद्रे निघत होते. "याच्या आतली खाच मोजता येईल. खाचेतली रेघ गेली," ते म्हणाले. मी आधी जे जातीचे थर आणि एकट्याचे थर म्हणून सांगितलं ते या एका वाक्यात आलं. गंज पहिल्यांदा नेमकी ती खूण खातो जिच्यावर ओळख अवलंबून असते.

१० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयात न्यायाधीश पी. पी. जाधव यांनी निकाल दिला. अंदुरे आणि कळसकर यांना जन्मठेप. वीरेंद्रसिंह तावडे, संजीव पुनाळेकर आणि विक्रम भावे निर्दोष. सरकार पक्षाने वीस साक्षीदार तपासले होते. दोघांना शिक्षा झाली ती मुख्यतः ज्यांनी त्या सकाळी पुलावर त्यांना पाहिलं आणि न्यायालयात ओळखलं त्यांच्या शब्दावर. त्यात पुणे महापालिकेचा एक सफाई कर्मचारी होता. खुनामागचे सूत्रधार वेगळेच असून त्यांच्यापर्यंत तपास यंत्रणा पोचल्या नाहीत, असंही न्यायाधीशांनी नमूद केलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं.

अकरा वर्षं ज्या गोळ्यांभोवती तपास फिरला त्या शेवटी बाजूला राहिल्या आणि हातात झाडू असलेल्या माणसाची साक्ष टिकली. मला त्या माणसाच्या धैर्यापुढे वाकावंसं वाटतं. आणि त्याच वेळी हेही वाटतं की, त्याच्या खांद्यावर एवढं ओझं यायला नको होतं.

पिंजऱ्यातला तज्ज्ञ

आपल्याकडे एक सोय आहे जिची सामान्य वाचकाला कल्पना नसते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २९३ व्या कलमाने, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३२९ व्या कलमाने, सरकारी प्रयोगशाळेच्या ठरावीक अधिकाऱ्यांचा अहवाल त्यांना पिंजऱ्यात न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. न्यायालयाला वाटलं तर बोलावता येतं. एकेका तज्ज्ञाकडे शेकडो प्रकरणं असताना दर तारखेला त्याने जिल्ह्याजिल्ह्यांत फिरायचं कसं, हा त्यामागचा रास्त विचार. दारूच्या बाटलीत दारूच होती का, एवढाच प्रश्न असेल तर हे ठीक. पण 'या दोन पुंगळ्या एकाच पिस्तुलाच्या' हे विधान एका परिच्छेदात टाइप होऊन, शिक्का मारून येतं आणि त्याच्यामागची तासन्‌तासांची नजर, शंका, फोटो, किती खुणा जुळल्या आणि किती नाही, हे सगळं त्या परिच्छेदाबाहेर राहतं. कोणी विचारलंच नाही तर ते कायमचं बाहेर राहतं.

विचारल्यावर काय होतं हे जेसिका लाल खटल्यात दिसलं. १९९९ च्या त्या दिल्लीतल्या खुनात पिस्तूल मिळालंच नाही. दोन पुंगळ्या होत्या. त्या एकाच हत्याराच्या की दोन, यावर निश्चित मत देण्यासाठी पिस्तूल हवं, अशी राजस्थानच्या प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाची भूमिका होती. न्यायालयात त्यांना मत देण्याविषयी आग्रह झाला आणि त्या वेगळ्या हत्यारांच्या वाटतात, असं ते म्हणाले. 'दोन पिस्तुलांचा' मुद्दा २००६ च्या निर्दोष सुटकेचा एक आधार झाला. उच्च न्यायालयाने ती सुटका फिरवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. पुढे त्या तज्ज्ञावर खोटी साक्ष दिल्याची कारवाई सुरू झाली. ती सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केली. निकालाचा गाभा साधा होता: मत देणं हे तज्ज्ञाचं काम, ते न्यायालयाला पटलं नाही म्हणून तो गुन्हेगार होत नाही. माझ्या मते या सगळ्यात त्यांचं पहिलं उत्तर सर्वांत शहाणपणाचं होतं, आणि नेमकं तेच कोणाला पुरेसं वाटलं नाही.

आमच्या गुजरातमधलं उदाहरण हरेन पंड्यांचं. २६ मार्च २००३ च्या सकाळी अहमदाबादच्या लॉ गार्डनपाशी राज्याचे हे माजी गृहराज्यमंत्री आपल्या मारुती गाडीत मृत सापडले. अंगावर सात जखमा, शरीरातून मिळालेल्या गोळ्या पाच. गाडीची काच थोडीच खाली होती. सातांतली एक जखम खालून वर गेलेली. बसलेल्या माणसाला, त्या फटीतून, त्या कोनात गोळी लागेल कशी? बडोद्यातल्या चहाच्या टपरीवरही तेव्हा लोक खुर्चीवर बसून, हात वर करून हा कोन एकमेकांना करून दाखवत. २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने या विसंगतींवर बोट ठेवून तपासाची कडक निर्भर्त्सना केली आणि आरोपींना खुनाच्या आरोपातून मुक्त केलं. ५ जुलै २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. गोळी चुकवण्यासाठी माणूस पाय वर घेतो, कलंडतो, एक गोळी दोन जखमा करू शकते, हे न्यायालयाला पटलं. तेच शवविच्छेदन, तीच गाडी, तेच आकडे आणि दोन न्यायालयांची उलट टोकाची वाचनं. मरणारा माणूस पुतळ्यासारखा बसून राहत नाही, हे खरंच आहे. पण मग शरीराच्या हालचालीची ही मांडणी तज्ज्ञांकडून, मोजून मापून, पहिल्याच न्यायालयात यायला हवी होती. सोळा वर्षं लोकांनी टपरीवर कोन काढावेत हे कुणाच्याच न्यायाला शोभत नाही, पंड्या कुटुंबाच्या नाही आणि आरोपींच्याही नाही.

पाकिटावरचा नंबर

बाहेरच्या देशांत सगळं नीट असतं असा समज मी सोडून दिला आहे. १९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉटेलात रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडणारा सिरहान जागीच, हातातल्या .२२ रिव्हॉल्व्हरसकट पकडला गेला. याहून स्वच्छ प्रकरण कोणतं? तरी चाचणीच्या गोळ्यांच्या पाकिटावर दुसऱ्याच रिव्हॉल्व्हरचा नंबर लिहिलेला आढळला आणि त्या एका चुकीतून 'दुसरा बंदूकधारी' जन्मला. १९७५ मध्ये न्यायालयाने सात तज्ज्ञ बसवले. दुसऱ्या बंदुकीचा पुरावा त्यांना मिळाला नाही, पण गोळ्या सिरहानच्याच रिव्हॉल्व्हरच्या असं ठामपणेही सांगता आलं नाही. पाकिटावरचा नंबर चुकला नसता तर हा वाद इतका पेटला नसता.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने या विद्येची झाडाझडती घेतली. त्यांना नीट आखलेला एकच अभ्यास सापडला. त्यात चुकीने 'जुळते' म्हणण्याचं प्रमाण सहासष्टांत एक निघालं आणि हिशोबाची मोकळीक धरली तर ते सेहेचाळीसांत एकपर्यंत जाऊ शकतं. अनुभवी तज्ज्ञ या आकड्यांवर चिडतात, त्यांचीही बाजू आहे. पण आपल्याकडे न्यायालयात असा आकडा विचारण्याची पद्धतच रुजलेली नाही. शंभर वेळा तुमच्या टेबलावर अशा पुंगळ्या, कुठली कुठली हे न सांगता ठेवल्या, तर तुम्ही किती वेळा चुकाल? हा प्रश्न अपमान नाही. रक्त तपासणाऱ्या लॅबला आपण तो विचारतोच.

आणि तज्ज्ञाला आधीपासून काय माहीत असतं, हेही महत्त्वाचं. पार्सलाबरोबरच्या पत्रात 'सदर पिस्तूल आरोपीकडून जप्त' असं लिहिलेलं असतं. नजर त्या वाक्यासकट भिंगाला लागते. पार्सल उघडणाऱ्याने हे पत्र काढून ठेवावं आणि पाहणाऱ्यापुढे फक्त आकडे टाकलेल्या पुंगळ्या जाव्यात, यात खर्च काहीच नाही. मग दुसऱ्या तज्ज्ञाने पहिल्याचं उत्तर न पाहता पुन्हा पाहावं. कलिना आणि बंगळुरूच्या अहवालांत जे गुंतलं ते सुटायला लंडनची गरज नव्हती. दोन्हीकडच्या तज्ज्ञांना एका खोलीत, एका सूक्ष्मदर्शकापाशी, त्याच पुंगळ्यांसमोर बसवून न्यायाधीशांसमोर विचारता आलं असतं: तुम्हाला काय दिसतं, आणि तुम्हाला?

शनिवार

शनिवारी आप्पांनी शेडच्या दाराशी टेबल ओढलं, उजेड डाव्या बाजूने येईल असं. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावलं. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी बारा तुकड्यांचे दोन ढीग केले, सहा आणि सहा. "हे धार उडायच्या आधीचे, हे नंतरचे." नंतरच्या सहांवर एक जाड ओरखडा मलाही साध्या डोळ्यांनी दिसत होता.

पुढचा पाऊण तास ते बोलले नाहीत. एकेका ढिगातल्या सहांच्या तीन जोड्या लावायच्या होत्या. एक तुकडा उचलायचा, फिरवायचा, ठेवायचा, पुन्हा तोच उचलायचा. धार उडाल्यानंतरच्या ढिगाच्या जोड्या लवकर लागल्या, तुटलेली धार प्रत्येक फेरीला आणखी झिजत गेली असणार. आधीच्या ढिगात मात्र ते अडले. तीन बुश, पण टूल एकच, धार एकच, रेघा सख्ख्या.

अखेर लागल्या तेवढ्या जोड्यांच्या चिकटपट्ट्या काढल्या. नंतरच्या ढिगातल्या तिन्ही बरोबर. आधीच्या ढिगात एक बरोबर, एक चूक: पहिल्या बुशाचा तुकडा दुसऱ्याच्या तुकड्याशेजारी बसला होता. त्यांनी ती चुकलेली जोडी परत भिंगाखाली धरली आणि आकडा माहीत असूनही डोकं हलवलं. "ताई, अजूनही मला हे एकच वाटतंय."

त्या ढिगातल्या राहिलेल्या दोन तुकड्यांची जोडी त्यांनी लावलीच नव्हती. ते वेगळे, टेबलाच्या कडेला ठेवले होते. मी त्यांच्या बुडाची पट्टी काढायला हात पुढे केला तर त्यांनी तो थांबवला.

"ते राहू द्या. ऊन गेलंय. उद्या सकाळी परत बघतो."